नरनाळ्याचं कोहळं

किसनरावांना गड पाहायचा नाद लागला तो म्हातारपणी, आणि लावला तो एका साहेबाच्या मोटारीनं. दिवाळी नुकतीच सरली होती. मळ्यातला झेंडू विकून संपला होता आणि किसनराव बाळापूरच्या बाजारात वांगी-पेरू मांडून बसले होते. नागपूरकडचा कुणी साहेब मडमेला आणि लेकरांना घेऊन किल्ला पाहायला आला. मंडळी किल्ल्यात शिरली, बाहेर आली, नदीकाठच्या दगडी छत्रीत चादर अंथरून जेवली, किसनरावांचे पेरू खाल्ले आणि धुरळा उडवत निघून गेली. साहेबाला म्हणे वऱ्हाडातले सगळे गड आणि नवाबांचे वाडे पाहायचे होते, असं जाता जाता त्याच्या चपराशानं सांगितलं.

झालं. किसनराव घरी आले ते तणतणतच.

“सायब कुठून कुठून येते अन् आपले गड पाह्यते! अन् आपन? जनम गेला त्या किल्ल्याच्या सावलीत. आत गेलो कवा? तहसीलदारानं बलावलं तं! ते काई नाई. औंदा बंडी जुंपाची अन् साऱ्या घरानं गड पाहाले जाचं. मी जन्मात एक गड नाई पायला.”

त्यांची बायको सत्यभामाबाई चुलीपुढं होती. तिनं मानही वळवली नाही. “गड पायल्यानं झाडाले वांगे जास्त लागतीन काय?”

“कोनते कोनते गड म्हनता, बाबा?” भगवंतानं विचारलं. हा त्यांचा एकुलता मुलगा. बापाच्या लहरी त्याला नव्या नव्हत्या.

“बाळापूरचा तं हायेच. अकोल्याचा हाये. पातूरचे लेणे. एलिचपूरचे नवाबाचे वाडे. अन् नरनाळा.”

ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या वच्छलेच्या हातातली जुडी सुटून पसरली. तिनं पदर सावरला आणि पाला गोळा करायला लागली.

वच्छला ही भगवंताची बायको, या घरची सून. तिचं माहेर शहानूर, नरनाळ्याच्या अगदी पायथ्याशी. गडावरून ढग उतरला की त्यांच्या अंगणातलं वाळवण उचलायचं, एवढा तो गड जवळचा. मानमोडीच्या साथीत तिचा बाप गेला, आणि बापाच्या मागोमाग भाऊ गेला. तेव्हा ती पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते सासरीच झालं. मुलगी झाली, शेवंता. ती आता अंगणभर कोंबड्यांमागं धावत होती, पण तिच्या आजीनं तिला अजून पाहिलं नव्हतं.

कारण काय, तर मुराळी नव्हता. सासरी असलेल्या लेकीला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं, बाप नाहीतर भाऊ. तो मुराळी. त्याच्यावाचून माहेरी गेलेली बाई म्हणजे सासरच्यांनी हाकललेली बाई, असं गाव सरळ धरून चालतं. वच्छलेला चुलते होते, पण पुतणीसाठी बैल जुंपण्याइतका उमाळा त्यांना कधी आला नाही. आई, तानुबाई, एकटीच उरली होती. ती स्वतः लेकीकडे यावी, तर लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही या रीतीत तिचा जन्म गेलेला. दर दिवाळीला आळीतल्या सुनांचे भाऊ यायचे, बंड्या सजायच्या, बायका हसत-रडत निघून जायच्या, आणि वच्छला मेथीच्या जुड्या बांधायची.

सत्यभामाबाई वाईट सासू नव्हती. सुनेच्या ताटात कधी कमी वाढलं नाही तिनं. पण रीत म्हणजे रीत. “मुराळी आला का पाठवीन, नाई आला तं नाई,” असं एकदाच बोलून तिनं तो विषय मिटवला होता, आणि वच्छलेनंही तो पुन्हा काढला नव्हता.

माहेरची खबर आणायचा तो फिरता कासार. मागच्या खेपेला बांगड्या भरता भरता तो म्हणाला होता, “तुई माय बरी हाये. छपरावर कोहळ्याचा वेल लय पसरला. पन सारे कोहळे गावाले वाटून देते. म्हनते, घरात मानूस नाई, कापन कोन?” अख्ख्या कोहळ्याला, म्हणजे लाल भोपळ्याला, पहिला विळा पुरुषानं लावायचा, बाईनं नाही, ही रीत तिकडेही तीच आणि इकडेही तीच. वच्छलेला कोहळ्याची गोड बोंडं किती आवडतात ते तानुबाईला ठाऊक होतं. आता त्याच घरात बोंडं होत नव्हती. वच्छलेनं मान खाली घातली. सत्यभामाबाईही तिथंच हात पुढं करून बसली होती. तिनं चुडा सैल बसला म्हणून कासाराला खडसावलं.

तेव्हा ‘नरनाळा’ हा शब्द सासऱ्याच्या तोंडून निघाला आणि वच्छलेचा जीव त्या एका शब्दाला अडकला तो असा.

आता माळ्याच्या घरी कुठं जायचं ठरवणं म्हणजे सोपं काम नाही. साहेबाचं बरं, मोटारीला चारा लागत नाही. इथं बंडीला जे बैल, तेच मोटेला. बैल गडावर गेले तर मळ्याला पाणी कोण पाजणार? पावसाळ्यात मोट नको, पण तेव्हा काळ्या मातीत बंडीचं चाक रुतलं की पुढच्या पंचमीलाच निघायचं. उन्हाळ्यात मोटेला एक दिवसाची उसंत नाही. राहता राहिले ते दिवाळीनंतरचे हेच थोडे दिवस, विहीर काठोकाठ असते आणि वाटा वाळलेल्या असतात तेव्हाचे. विहीर शेजारच्या सहदेवाशी सामाईक होती. त्यानं आपल्या बैलांनी दोन्ही मळे पाजायचं कबूल केलं तरच हे जमणार. आणि सहदेवाला सांगायचं म्हणजे त्याच्या आईला, दुर्गाबाईला, सांगायचं. दुर्गाबाईला एकदा सांगितलं की गावात दवंडी पिटायची गरज उरत नसे.

म्हणून पुढचे सगळे बेत दुर्गाबाईच्या साक्षीनं झाले. ती रोज तंबाखूची चंची घेऊन ओसरीच्या खांबाला टेकून बसायची, आणि किसनराव गडांची मांडामांड करायचे. त्यांनी मळ्यातल्या मालाचा मुलूखच उभा केला होता. दाराशी एक वांगं, ते बाळापूर. जरा पुढं कांदा, ते अकोला. खालच्या अंगाला दोडका, ते पातूर. वरती फूलगोबीचा गड्डा, तो एलिचपूरच्या नवाबाचा वाडा. मधून खांद्यावरचं धोतराचं फडकं आडवं टाकलं, ती पूर्णा. आणि पार भिंतीशी, सातपुड्याच्या जागी, एक लालबुंद थोरलं कोहळं. तो नरनाळा.

“तिथी म्हनते नऊ गज लांब तोफ हाये,” किसनराव कोहळ्यावर हात फिरवत म्हणाले. “तिच्यावर बसून मानूस आरामात भाकर खाते.”

“कोन म्हनते?” दुर्गाबाईनं विचारलं.

“लोक म्हनते.”

वच्छलेला हसू आलं. तिचा बाप त्याच तोफेवर बसून भाकर खायचा. गडाची कीर्ती बाळापूरपर्यंत पोचली म्हणून तिला बरं वाटलं.

एवढ्यात सत्यभामाबाई टोपली घेऊन आली. तिनं वाकून बाळापूर उचललं.

“अवं, अवं! बाळापूर कुठी नेते?”

“चुलीवर. रोज दार उघडलं का दिसते तो किल्ला. त्याच्यासाठी बंडी जुंपली तं लोक शेन घालतीन तोंडात.”

बाळापूरची भाजी झाली. दुसऱ्या दिवशी पातूर गेलं. “उलटीकडं हाये ते. आधी खाली जाचं, मंग वर जाचं. बैल काय फुकटाचे हायेत दमाले?” दुर्गाबाई मान हलवून हो म्हणाली. तिसऱ्या दिवशी नवाबाच्या वाड्याची पाळी आली. “तुमाले कोन आत घुसू देते? भिंती पाहाले येवढ्या दूर? भिंती का आपल्या घरी नाईत?” अकोल्याचा कांदा तर तिनं बोलता बोलताच फोडणीला चिरला. अकोला वाटेतच लागतं, बंडीतून मान वळवली तरी दिसतं, असं तिचं म्हणणं.

वच्छला हे सगळं बघत होती आणि आतल्या आत सुकत होती. एकेक गड पडत होता. सासूची टोपली रोज थोडी पुढं सरकत होती. सून माणसानं मध्ये बोलायचं काय म्हणून? नरनाळा राहू द्या, असं नुसतं म्हटलं असतं तरी दुर्गाबाईनं त्याचं दिवसभर चऱ्हाट वळलं असतं.

शेवटी पूर्णेपलीकडं एकटं कोहळं राहिलं. सत्यभामाबाई त्याच्यापुढं कमरेवर हात देऊन उभी राहिली.

“हे राहू द्या,” सासू म्हणाली. “मी काई कोहळ्याले इळा लावत नाई, अन् तुमाले वेळ नाई.”

ती निघून गेली. वच्छलेला एकदम हलकं वाटलं. तिचं माहेर आजवर रीतीनंच अडवलं होतं, आज रीतीनंच वाचवलं. ती उठली आणि विनाकारणच अंगण झाडून काढलं.

पण दुर्गाबाई उगाच का खांबाला टेकून बसत होती? तंबाखूची चिमूट गालात सारत ती म्हणाली, “अवं सत्यभामे, नरनाळा म्हंजे तुह्या सुनेचं माहेर नाई का तिकडं? का मुराळ्याबिगरच चालली पोरगी?”

सत्यभामाबाई आतून गर्रकन बाहेर आली. आवाज असा चढला की विहिरीवरचा सहदेव थांबून बघायला लागला. “माहेरी कोन नेते? गड पाहाले चाललो आमी! कोनाच्या दाराशी माही बंडी उभी राहनार नाई. मुराळी आल्याबिगर सून माहेरात पाय ठेवत नाई, हे मले कोनी शिकवाची गरज नाई.”

दुर्गाबाईचं समाधान झालं. ती घरी गेली आणि संध्याकाळच्या आत हे वाक्य आळीभर झालं.

वच्छला गोठ्यात गेली. बैलांना कडबा टाकत असलेल्या भगवंताला ती म्हणाली, “मी नाई येत. तुमी सारे जा. मी मळा पाह्यतो.”

“कावून वं?”

“कावून म्हनता? मायच्या दारावरून जाचं अन् उतराचं नाई? तिनं हाक मारली तं काय करू? तोंडावर पदर घेऊ?” इतका वेळ आवरलेलं रडू तिला आलं.

भगवंतानं बैलाच्या पाठीवर हात फिरवला. मग म्हणाला, “तू चाल. शेवंताले बंडीत समोर बसव. दुरून का होईना, तुही माय पाह्यीन तं खरी.”

वच्छलेनं त्यावर विचार केला. दुरून म्हणजे काही नाहीपेक्षा पुष्कळ होतं. सासऱ्याला नरनाळा सुचला नसता तर हेही मिळालं नसतं. तिनं डोळे पुसले आणि म्हाताऱ्याच्या त्या खुळाला मनातून हात जोडले.

मळा सहदेवावर सोपवून निघाले त्या सकाळी बंडीवर तट्ट्यांचं छप्पर बांधलं होतं आणि आत कडब्यावर वाकळ अंथरली होती. सत्यभामाबाईनं इतकी भाजी भरली की बसायला जागा पुरेना. एवढी कशाला, असं किसनराव म्हणाले, तर गडावर काय तुमचा बाप भाजी लावून बसला आहे, असं उत्तर आलं. भिंतीशी असलेला नरनाळा तिनं स्वतः दोन हातांनी उचलला आणि कडब्यात नीट दाबून बसवला, फुटू नये म्हणून.

अकोला आलं, गेलं. किसनरावांनी मान वळवून किल्ला पाहिला आणि पाहिला म्हणून जाहीर केलं. पूर्णा ओलांडताना शेवंता पाण्यात हात घालायला लागली, तिला सत्यभामाबाईनं वेणीला धरून ठेवलं. वाटेत दोन मुक्काम झाले, अकोट मागं पडलं आणि समोर सातपुडा उभा राहिला. वच्छलेला प्रत्येक झाड ओळखीचं वाटायला लागलं. ती पोरीला मांडीवर घेऊन बंडीच्या तोंडाशी सरकून बसली.

शहानूरच्या शिवेवर चिंचेचं झाड आहे. तिथं सत्यभामाबाई म्हणाली, “थांबव रे भगवंता.”

बंडी थांबली. गावातली छपरं दिसत होती. त्यातलं एक वेलानं झाकलेलं होतं.

“बंडी कोनाच्या दाराशी जानार नाई,” सत्यभामाबाई म्हणाली. “मी बोलून बसलो हाये.” मग नवऱ्याकडे वळली. “तुमी जा. गडाची वाट इचारून या.”

किसनराव उतरले, धोतर झटकलं आणि चालायला लागले. वाटेला फाटा फुटतो तिथं ते घुटमळलेसुद्धा नाहीत. वच्छलेनं ते पाहिलं, पण तिचं लक्ष त्या वेलात होतं. सावली सरकून बैलांच्या पाठीवरून उतरली. सासू चिंचेखाली उभी राहून हिरव्या चिंचा वेचत होती, जसं काही ती त्याचसाठी आली होती.

मग वाटेवर कुणीतरी धावताना दिसलं. बाई होती. अनवाणी, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. मागून किसनराव आपल्या बेतानं येत होते. बंडीजवळ आली तशी ती बाई थबकली. समोर विहीण उभी होती. तिनं पिठाच्या हातांनी पदर डोक्यावर ओढला आणि तिथंच उभी राहिली. एक पाऊल पुढं टाकायची तिची छाती होईना.

“इहीनबाई,” तानुबाई म्हणाली. तिला धाप लागली होती. “याहीबुवा म्हनले, पोरीले न्याले ये. माह्याघरी पाठवाले कोनी बाप्या मानूस नाई. मीच आलो.”

सत्यभामाबाईनं ओच्यातल्या चिंचा खाली टाकल्या.

“मंग? माहेराहून न्याले आलं तो मुराळी. त्याले मिशाच पायजे, असं कोनं सांगतलं?” आणि बंडीकडे वळून ती ओरडली, तोच तो दुर्गाबाईवर चढवलेला आवाज. “वच्छले! बसली काय राहिली? मुराळी आला तुहा. उतर!”

वच्छला कशी उतरली ते तिला नंतर कधी आठवलं नाही. आईच्या हातांचं पीठ तिच्या केसांना लागलं, शेवंताच्या गालाला लागलं, आणि शेवंता ते चाटून हसायला लागली. तानुबाई नातीकडे बघत राहिली, हात लावायचं विसरली, मग पुन्हा लावला. भगवंत बैलांचं जू उगाचच तपासत होता.

घरी गेल्यावर तानुबाईनं किसनरावांना पाण्याचा तांब्या दिला. “याहीबुवा, वाट इचाराची तुमाले काय गरज पडली? लगन जुळवाले आले तवा पोरीच्या बापानं अख्खा गड नाई का फिरवला तुमाले? त्या तोफीवर बसून दोघाईनं भाकर खाल्ली. घरी आल्यावर ते मले हेच तं सांगत होते.”

किसनरावांना पाण्याचा ठसका लागला. वच्छला सासऱ्याकडे बघत राहिली. जन्मात एक गड पाहिला नाही म्हणणारा माणूस!

“माह्याकडं कावून पाह्यते?” म्हातारा चिडून म्हणाला. “तुही सासू मले म्हनली, गडाचं खूळ काढा. काढलं. सायबाची मोटार आली ते बरंच झालं, नाई तं मले कारन सापडत नव्हतं.”

तेव्हा वच्छलेला एकेक दिसायला लागलं. वांगं, दोडका, गोबी, कांदा. सासूनं रोज येऊन एकेक गड उचलला होता, पण कोहळ्याला हात लावला नव्हता. दुर्गाबाईपुढं चढवलेला तो आवाज गावाला ऐकवायला होता. सुनेला माहेरी नेलं असं म्हणायची सोय तिनं कुणाला ठेवली नव्हती आणि रीतही मोडली नव्हती. आपण तिला दगडाची समजून गोठ्यात रडलो. या बाईचे उपकार आपण कोणत्या जन्मी फेडणार, असं वच्छलेला झालं, आणि ती सासूच्या पायांवर जाऊन पडली.

“उठ,” सत्यभामाबाई म्हणाली. “पाया कायले पडते? बंडीतून कोहळं आन. इथी आता मानूस हाये कापाले.”

वच्छलेनं कोहळं आणून किसनरावांपुढं ठेवलं. त्यांनी विळा लावला, आणि पिवळाधमक गर दिसला तशी तानुबाईनं तोंडाला पदर लावला. तिचा माणूस गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच कोहळं कापलं जात होतं.

“बोंडं कर पोरीसाठी,” सत्यभामाबाई तिला म्हणाली. “अन् वच्छला राहीन इथी, तुळशीच्या लग्नापरयंत. भगवंत येईन न्याले.” मग ती अंगणात गेली, छपरावर नजर टाकली. वेलाखाली बारकी-थोरली कोहळी दडून बसलेली होती. “भगवंता, चढ वर. सारे काढ खाली. तुह्या बाबाच्या हातानं एकेकाले इळा लावून घेऊ. मंग चिरून, किसून सांडगे घालू. इहीनबाईले सालभर पुरतीन.”

एकेक कोहळं खाली यायला लागलं आणि किसनरावांपुढं ढीग वाढायला लागला. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, मग मागं दिसणाऱ्या गडाकडे पाहिलं.

“अन् गड? गड कवा पाहाचा?”

“तुमाले कायले पायजे गड?” सत्यभामाबाई त्यांच्या हातात पुढचं कोहळं देत म्हणाली. “तुमी तं पायलेला हाये.”